इटलीच्या दुर्लक्षित पांढऱ्या वाइन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाइन चांगली असती तर महाग झाली नसती का? स्वस्त आहे त्याअर्थी काहीतरी कमी असणारच ना?

वाइनचा भाव चवीपेक्षा नावावर जास्त ठरतो, आणि नाव एकदा खराब झालं की वाइन सुधारली तरी ते लवकर सुधारत नाही. इटलीच्या बऱ्याच पांढऱ्या वाइन्सची गोष्ट नेमकी हीच आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सोआवे, वेर्दिक्कियो, फ्रास्काती ही नावं जगभर खपली. खप वाढला तसं पीक वाढवलं गेलं. डोंगरउतारावरच्या बागा पुरेनात म्हणून सपाट, सुपीक जमिनीत वेली लागल्या, आणि बाटलीत उतरलं ते लिंबू पिळलेलं पाणी. लोक कंटाळले, फ्रान्सकडे वळले. पुढच्या काळात चांगल्या बागायतदारांनी पीक कमी केलं, तळघरं सुधारली, जुन्या उतारांवर परत गेले. भाव मात्र त्या जुन्या बदनामीवरच अडकून राहिला. आज इटलीत १० ते १५ युरोंत जी सोआवे किंवा वेर्दिक्कियो मिळते, तिच्या तोडीची फ्रान्सची बर्गंडी घ्यायला गेलात तर खिशाला मोठं भोक पडेल.

दुसरं कारण म्हणजे इटलीचं नाव लाल वाइनने खाल्लंय. बारोलो, ब्रुनेल्लो, कियांती यांच्यापुढे पांढरीकडे बघतो कोण? आपला फायदा तिथेच आहे.

सोआवे म्हणजे हॉटेलात पेल्यावर मिळणारी स्वस्तातली वाइन ना?

तीही सोआवेच. पण सोआवे दोन आहेत असं समजा. एक मैदानातली आणि एक डोंगरावरची.

व्हेरोनाच्या पूर्वेला सोआवे नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे, वर स्कालिजेरी घराण्याचा किल्ला. त्या गावाच्या आणि शेजारच्या मोंतेफोर्ते दाल्पोनेच्या मागे ज्या टेकड्या आहेत, तिथली हद्द १९२७ साली आखली गेली. हीच आजची 'क्लासिको' हद्द. जमीन बरीचशी काळी, ज्वालामुखीतून आलेली, मधूनमधून चुनखडीचे पट्टे. १९६८ साली सोआवेला डीओसी दर्जा (प्रदेशाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) मिळाला तेव्हा हद्द खाली मैदानात लांबवर पसरवली गेली. एकच नाव, पण माल दोन प्रकारचा.

द्राक्ष आहे गार्गानेगा. नियमाने ते किमान ७० टक्के हवं. हा वाण उशिरा पिकतो आणि सोडला तर भरमसाट पिकतो. मोकळं सोडलं की चव पातळ. आवर घातला, छाटणी नीट केली, की त्याच वेलीतून बदाम, पिवळं सफरचंद, कॅमोमाइलचं फूल आणि शेवटाला किंचित खारट छटा, असं सगळं मिळतं. वास मोठा नसतो. पहिल्या घोटाला तुम्ही म्हणाल, यात काय आहे? तिसऱ्या घोटापर्यंत थांबा.

हे नाव कोणामुळे टिकलं असं विचाराल तर मी पिएरोपान घराण्याकडे बोट दाखवेन. आजूबाजूला सगळे लिटरच्या हिशेबात बोलत होते तेव्हा त्यांनी १९७१ साली काल्वारीनो नावाच्या एकाच बागेची वाइन वेगळी बाटलीबंद केली. ती आजही लाकडाचा स्पर्श न होऊ देता, सिमेंटच्या टाक्यांत, यीस्टच्या बारीक गाळावर ठेवून मुरवतात. इतकी वर्षं नावाजलेली वाइन, तरी भाव अजून माणसात आहे. त्यांचीच ला रोक्का लाकडात मुरते आणि ती जास्त महाग. तिच्यापासून सुरुवात करायची गरज नाही. जीनी, इनामा, प्रा ही नावंही डोळे मिटून घ्यावीत अशी.

वेर्दिक्कियोबद्दल एवढं का बोललं जातं?

कमीच बोललं जातं, असं माझं मत. इटलीत एकच देशी पांढरा वाण निवडायला सांगितला तर मी विचार न करता हाच उचलेन.

मार्के हा प्रांत इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, आद्रियातिक समुद्राच्या बाजूला. पर्यटकांच्या नकाशावर टस्कनी असते, मार्के नसतो. इथे वेर्दिक्कियोची दोन घरं आहेत. येझी गावाभोवतीचा मोठा प्रदेश, म्हणजे कास्तेल्ली दी येझी, आणि आत डोंगरात मातेलिका.

येझीच्या वाइनला जगात ओळख मिळाली ती बाटलीमुळे, आणि बदनामीही तिच्यामुळेच. फात्सी बात्ताल्या या कंपनीने १९५३ साली मिलानच्या अंतोनियो मायोक्की नावाच्या वास्तुरचनाकाराकडून जुन्या कुंभाच्या घाटाची हिरवी बाटली करून घेतली. कमरेत बारीक, गळ्यात सुतळीने बांधलेली कागदाची गुंडाळी. मासे मिळणाऱ्या प्रत्येक खानावळीत ती टेबलावर असायची. बाटली इतकी गाजली की आत काय आहे हे विचारायची पद्धतच राहिली नाही. पुढे चांगल्या उत्पादकांनी साधी सरळ बाटली घेतली ती मुद्दाम, आम्ही त्यातले नाही हे सांगायला. (कुंभाची बाटली अजून मिळते. कपाटात शोभेला ठेवायला चांगली आहे.)

वाइन कशी असते? हिरवट पिवळा रंग, आंबटपणा ठसठशीत, हिरव्या सफरचंदाची आणि बडीशेपेची आठवण, आणि शेवटी कडू बदामाचा चटका. तरुणपणी ती कडक वाटते. तीन-चार वर्षांनी मधाची, सुक्या गवताची गोलाई येते, आंबटपणा मात्र जागेवरच असतो. हा गुण पांढऱ्या वाइनमध्ये दुर्मीळ आहे आणि जिथे असतो तिथे सहसा पैसे मोजावे लागतात. येझीत बुच्चीची 'व्हिल्ला बुच्ची' रिझेर्वा (जास्त काळ मुरवलेली) प्रसिद्ध आहे, पण ती आता स्वस्त नाही. गारोफोली, सार्तारेल्ली आणि उमानी रोंकी यांच्या 'क्लासिको सुपेरिओरे' बाटल्या मात्र सर्वसामान्याला परवडतात.

मातेलिकाचं वेगळेपण भूगोलात आहे. मार्केतल्या बाकी दऱ्या डोंगरातून समुद्राकडे जातात, त्यामुळे समुद्राची ऊब आत शिरते. मातेलिकाची दरी उत्तर-दक्षिण आहे, डोंगराला समांतर. समुद्राचा वारा आत पोचत नाही. दिवसा ऊन, रात्री गारवा. द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा जपून ठेवतं. कोल्लेस्तेफानो या छोट्या उत्पादकाची बिनलाकडाची वाइन प्यायलात तर कळेल मी काय म्हणतोय: डोंगरातल्या झऱ्याचं पाणी प्यावं तशी स्वच्छ आणि धारदार. ला मोनाचेस्काची 'मिरुम' ही रिझेर्वा त्याच्या अगदी उलट: भारदस्त, गोलसर, जेवणावर बसून प्यायची.

पिनो ग्रीजो सगळीकडे मिळते. मग या अनोळखी नावांच्या मागे का लागायचं?

लागू नका, जर फक्त गार आणि पांढरं काहीतरी हवं असेल तर. १९६१ साली सांता मार्गेरिता या कंपनीने या करड्या-गुलाबी द्राक्षाची साल लगेच बाजूला काढून स्वच्छ पांढरी वाइन केली आणि पुढे ती अमेरिकेत तुफान खपली. तेव्हापासून ईशान्य इटलीत या द्राक्षाचा पूर आहे. बहुतेक बाटल्यांचं नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तेवढ्याच पैशांत, कधीकधी कमी पैशांत, सोआवे क्लासिको येते. आल्तो आदिजे या इटलीच्या उत्तर टोकाच्या प्रांतातल्या, डोंगरातल्या पिनो ग्रीजोला मी यातून वगळतो. ती खरंच चांगली असते.

आल्तो आदिजेचा विषय निघालाच आहे तर तिथली पिनो ब्यांको बघा. या प्रांतात बहुसंख्य लोकांची भाषा जर्मन, त्यामुळे लेबलवर 'व्हाइसबुर्गुंडर' आणि 'स्यूडटिरोल' असं दिसलं तर घाबरू नका, देश इटलीच आहे. इथला बराचसा माल सहकारी संस्थांचा. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि त्याचं राजकारण डोळ्यांपुढे येतं; तिथे १८९३ साली स्थापन झालेली तेर्लानोची सहकारी संस्था देशातल्या उत्तम पांढऱ्या वाइन्स करते. इटलीत इतरत्र सहकारी वाइनवर नाक मुरडण्याची सवय आहे, इथे ती सोडायची.

दक्षिण इटली तर गरम. तिथे चांगली पांढरी वाइन कशी होईल?

उंचीमुळे. नेपल्सच्या पूर्वेला इर्पीनिया नावाचा डोंगराळ भाग आहे. समुद्रापासून फार दूर नाही, पण बागा ४०० ते ६०० मीटरवर, हिवाळ्यात बर्फ पडणारा मुलूख. द्राक्षांची तोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबते. चिकणमाती आणि चुनखडी, त्यात व्हेसुव्हियसने शतकानुशतकं उडवलेली राख.

इथे फियानो दी आवेल्लीनो आणि ग्रेको दी तूफो या दोन वाइन्स होतात. दोन्हींना २००३ साली डीओसीजी, म्हणजे डीओसीच्या वरचा दर्जा मिळाला. फियानोला हेझलनट, मध, पुढे मुरल्यावर धुरकट वास. अंगाने भरलेली पण जड नाही. ग्रेको तिच्यापेक्षा राकट, मिठासारखी, थोडी फटकळ. तूफो गावाखाली पूर्वी गंधकाच्या खाणी होत्या आणि लोक वाइनमध्ये गंधक शोधतात. मला गंधकापेक्षा ओल्या दगडाचा वास येतो, पण तो वाद पिणाऱ्यांवर सोडतो.

हे वाण टिकले ते योगायोगाने नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त पिकणारे वाण लावा म्हणून सगळीकडून आग्रह होता. मास्त्रोबेरार्दीनो घराण्याने जुने स्थानिक वाण सोडले नाहीत. मग २३ नोव्हेंबर १९८०चा भूकंप. इर्पीनियातली गावंच्या गावं पडली. पण पुढच्या दशकात नवे उत्पादक उभे राहिले. आज सगळीकडे दिसणारी फेउदी दी सान ग्रेगोरियो १९८६ सालची. माझी आवड मात्र छोट्यांकडे: फियानोसाठी चीरो पिकारिएल्लो, ग्रेकोसाठी पिएत्राकूपा.

खिसा आणखी हलका असेल तर त्याच भागातली फालांगीना घ्या. खोल नाही, पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी तक्रार करायला जागा ठेवत नाही.

पेकोरीनो तर चीज आहे ना?

चीजही आहे आणि द्राक्षही. द्राक्षाचा वाण जवळजवळ संपला होता, कारण पीक कमी येतं. गुइदो कोच्ची ग्रिफोनी या मार्केतल्या बागायतदाराने ऐंशीच्या दशकात डोंगरातल्या आर्क्वाता देल त्रोंतोजवळच्या एका जुन्या बागेतून काड्या आणून त्या आपल्याकडे वाढवल्या. १९९० च्या हंगामाची त्याची वाइन बाजारात आली आणि आता शेजारच्या आब्रुत्सोतही हा वाण जिकडेतिकडे आहे. अल्कोहोल जास्त, आंबटपणाही जास्त, म्हणजे दणकट वाइन. मार्केतल्या ओफिदा गावाची असेल तर बेहतर.

सार्डिनिया, टस्कनी, सिसिली आणि वायव्य इटलीतली 'गावी' नावाची वाइन यांचं काय?

सार्डिनियाच्या ईशान्य टोकाची वेर्मेंतीनो दी गाल्लुरा जरूर घ्या. ग्रॅनाइटची जमीन, सतत वारा, वाइनमध्ये रानझुडपांचा वास. त्या बेटाची ती एकमेव डीओसीजी.

टस्कनीची वेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो ही १९६६ साली इटलीत सर्वांत आधी डीओसी मिळालेल्या वाइन्सपैकी. गावात पर्यटकांना विकली जाणारी टाळा, बागायतदाराचं नाव असलेली शोधा.

सिसिलीतल्या एत्नाची कार्रिकान्ते अप्रतिम आहे, पण तिला आता 'स्वस्त' म्हणता येत नाही, लोकांना कळलंय. गार्दा तलावाजवळची लुगानाही त्याच वाटेवर: तिथे उतरणाऱ्या जर्मन पर्यटकांनी भाव वर नेलाय. गंमत म्हणजे लुगानाचं तुर्बियाना द्राक्ष आणि वेर्दिक्कियो हे मुळात एकाच जातीचे. तेव्हा लुगाना परवडत नसेल तर मार्केला चला.

'गावी'बद्दल माझं मत चांगलं नाही. पैसे नावाचे घेतात.

दुकानात उभं राहून लेबल कसं वाचायचं? इटालियन येत नाही.

यायची गरज नाही. आधी 'क्लासिको' शब्द शोधा. तो असेल तर वाइन त्या प्रदेशाच्या मूळ, जुन्या भागातली. सोआवे आणि येझीच्या वेर्दिक्कियोत हा एक शब्द अर्धं काम करतो. 'सुपेरिओरे' म्हणजे द्राक्षं जास्त पिकलेली आणि अल्कोहोल थोडं अधिक, 'रिझेर्वा' म्हणजे जास्त काळ मुरवलेली. येझीच्या रिझेर्वाला किमान १८ महिने लागतात.

मग बाटली फिरवा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोणी बाटलीबंद केली ते असतं. 'इम्बोतील्यातो आल्लोरीजिने' असं वाचता आलं तर वाइन जिथे द्राक्ष पिकलं तिथल्याच माणसाने किंवा संस्थेने भरली. ते नसेल, नुसतं कुठल्यातरी व्यापाऱ्याचं गाव किंवा सांकेतिक आकडे असतील, तर बाटली परत ठेवा. पुढच्या बाजूचं किल्ल्याचं चित्र, सोनेरी पदकं, जाड काच यांवर जाऊ नका. जाड काचेचे पैसे तुम्हीच भरता.

गळ्यावर डीओसीजीची पट्टी असली की चांगलीच समजायची का?

नाही. ती सरकारी छापखान्यातली क्रमांकित कागदी पट्टी. माल त्या प्रदेशाचा आहे आणि नियम पाळलेत एवढं ती सांगते. चव तिच्यावर लिहिलेली नसते. सोआवेचंच बघा: २००१ साली 'सोआवे सुपेरिओरे'ला डीओसीजी मिळाली, पण अनेक उत्तम उत्पादक अजून साध्या डीओसी नावाखालीच विकतात. उत्पादकाचं नाव पट्टीपेक्षा मोठं.

शेवटी कडवट लागली. खराब झाली होती का?

बहुधा नाही. कडू बदामासारखा हलका कडवटपणा वेर्दिक्कियो, सोआवे, वेर्नाच्चा या सगळ्यांत असतो आणि असायलाच हवा. तेलकट खाल्ल्यावर तोंड साफ करतो तो तोच. आपल्या जिभेला कारलं आणि मेथी चालते, मग वाइनमधल्या एवढ्याशा कडूपणाने का बिचकायचं?

खराब वाइनची खूण वेगळी. बूच काढल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला तर बुचाचा दोष, बाटली परत करा. तरुण वाइनचा रंग तपकिरीकडे झुकला आणि चव शिळ्या सफरचंदासारखी असेल तर हवा लागलीय. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक. निरुपद्रवी आहेत, ओतताना तळाशी राहू द्या.

ताजी घ्यायची की जुनी? घरी ठेवता येते का?

साधी सोआवे, फालांगीना, वेर्मेंतीनो: एक-दोन वर्षांत संपवा. वेर्दिक्कियोच्या चांगल्या बाटल्या, काल्वारीनोसारखी सोआवे आणि फियानो पाच-सात वर्षं सहज जातात, काही त्याहून जास्त. फियानो तर पहिल्या वर्षी उघडणं हे मला नुकसानच वाटतं. पण ठेवायला थंड, अंधारी जागा हवी. मुंबईच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलेली बाटली दोन महिन्यांत म्हातारी होते. वाइनचा फ्रिज नसेल तर आणा आणि प्या.

किती गार करायची?

१० ते १२ अंश. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, तिथून थेट ओतली तर वास बंद आणि फक्त आंबट लागते. उघडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. आपल्या उन्हाळ्यात दहाही पुरे. पेल्यात बर्फ नको. आणि पेला अर्ध्याच्या खालीच भरा, म्हणजे फिरवून वास घेता येतो.

आपल्या जेवणाबरोबर जाते का?

काही पदार्थांबरोबर फारच छान, काहींबरोबर अजिबात नाही. मार्केत वेर्दिक्कियो तळलेल्या छोट्या माशांबरोबर पितात, तेव्हा रवा लावून तळलेला बोंबील किंवा मांदेली हा सरळ जुळणारा जोड. सुरमईच्या तुकडीला तिखट-हळद बेताची लावली असेल तर फियानो. सुक्या खोबऱ्याचं वाटण असलेल्या कोलंबीला गोलसर सोआवे चालते. थालीपीठ आणि लोणी, कोथिंबीरवडी, अगदी साबुदाण्याची खिचडी यांबरोबरही वेर्मेंतीनो रमते.

अडचण दोन गोष्टींची. जास्त तिखटाने अल्कोहोल जिभेवर पेटतं, आणि चिंच-कोकमाच्या आंबटपुढे वाइन पाणचट होते. मालवणी कालवण आणि सोलकढी असेल तर वाइन बाजूला ठेवा. कोल्हापुरी रस्स्याबरोबर तर बीअरच बरी.

भारतात या मिळतात का? भाव इतका का?

मोठ्या शहरांतल्या चांगल्या दुकानांत सोआवे आणि पिनो ग्रीजो मिळतात, वेर्दिक्कियो आणि फियानो क्वचित. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, कर आणि दुकानदाराचा नफा. त्यामुळे तिकडची दहा युरोची बाटली इथे येईपर्यंत तिप्पट-चौपट होते आणि 'स्वस्त आणि मस्त' मधला पहिला शब्द गळतो. म्हणून खरा हिशेब परदेशात राहणाऱ्यांचा किंवा येता-जाता आणणाऱ्यांचा. प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटर दारू आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. त्या दोनांत सोआवे भरू नका, इथे न मिळणारी मातेलिका भरा.

महाराष्ट्राचा इटलीशी एक खरा धागा आहे तो अकलूजला. फ्रातेल्ली ही वायनरी तिथले मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून काढली, आणि वाइन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले. सांजोव्हेसे हे इटालियन लाल द्राक्ष त्यांनी सोलापूर जिल्ह्यात रुजवलं. पांढऱ्यात मात्र तिथेही भर शेनाँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शार्दोने या फ्रेंच वाणांवरच.

उरलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच परत लावून फ्रिजमध्ये तीन दिवस नक्की. वेर्दिक्कियो आणि फियानो दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त चांगल्या लागतात, थोडी हवा त्यांना मानवते. चौथ्या दिवशी उरलीच तर शिंपल्यांवर घाला: लसूण, ऑलिव्ह तेल, पेलाभर वाइन, झाकण, चार मिनिटं.